थंडीत पहाटे गाडी उचलत नाही? नवीन बॅटरी घेण्याआधी हे तपासा

डिसेंबर लागला की आमच्या निफाडकडे पहाटेचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि साडेपाचपासून माझा फोन वाजायला लागतो: "दादा, गाडी उचलत नाहीये, माल भरून उभीय." गेली सोळा वर्षं मी गाड्यांचं वायरिंग, बॅटरी आणि सेल्फचं (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचं) काम करतो. दर हिवाळ्यात तक्रार तीच असते. दुःख याचं वाटतं, की निम्म्या लोकांनी माझ्याकडे येण्याआधी नवीन बॅटरी घेतलेली असते आणि खोड मात्र तिथेच असते. म्हणून ज्या क्रमाने मी स्वतः तपासतो, तोच क्रम इथे देतो. आधी फुकटातलं, मग शे-पाचशेतलं आणि शेवटी खर्चाचं.

आधी कान द्या

बॉनेट उघडायच्या आधी किल्ली एकदा फिरवा आणि नीट ऐका. अर्धं निदान त्या दोन सेकंदांत होतं.

सेल्फ जड, दमल्यासारखा फिरतोय आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावताहेत: बॅटरी उतरलीय, टर्मिनल (बॅटरीच्या खांबावर बसणारं केबलचं टोक) किंवा अर्थिंग (बॅटरीचा निगेटिव्ह गाडीच्या लोखंडाला जोडणारी केबल किंवा पट्टी) खराब आहे, नाहीतर ऑइल फार घट्ट आहे.

भराभर "कटकटकट" आवाज येतोय: सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) ओढला जातोय, पण मोटर फिरवण्याइतका करंट मिळत नाही. हीसुद्धा बॅटरी-टर्मिनलचीच तक्रार.

एकच "टक्" आणि पुढे शांतता, दिवे मात्र लख्ख: बॅटरी बहुधा बरी आहे. सेल्फ, त्याचा सोलेनॉइड किंवा त्याच्याकडे जाणारी जाड केबल बघावी लागेल.

काहीच आवाज नाही: डॅशबोर्डही काळा असेल तर टर्मिनल सुटलेलं किंवा बॅटरी पूर्ण उतरलेली असते. डॅशबोर्ड पेटलेला असेल तर क्लच, गिअर किंवा किल्लीची भानगड.

सेल्फ झोकात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही: बॅटरीला हात लावू नका. डिझेल गाडीत हिटर प्लग आणि डिझेलची लाइन, पेट्रोल गाडीत पेट्रोल आणि स्पार्क, तिकडे जा.

आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भिंगरीसारखा फिरत असेल तर तिथेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटल्याची ती खूण असू शकते. पुन्हा पुन्हा सेल्फ मारलात तर वाचलेले व्हॉल्व्हसुद्धा वाकतील.

थंडीतच का?

बॅटरीच्या आत रासायनिक क्रिया चालते आणि थंडीत ती मंदावते. शून्य अंशाच्या आसपास चांगल्या बॅटरीचीही ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते. त्याच वेळी इंजिनमधलं ऑइल घट्ट होतं, म्हणून सेल्फला जास्त करंट लागतो. देणाऱ्याचा हात आखडतो आणि घेणाऱ्याची मागणी वाढते. बॅटरीचं खरं नुकसान मात्र एप्रिल-मे महिन्यांत झालेलं असतं. चाळीस अंशांच्या उन्हात आतल्या प्लेटा झिजतात, पाणी उडतं. पण उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं, म्हणून तेव्हा ते कळत नाही.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी

हेडलाइट, एसीचा पंखा, टेप सगळं बंद करा. क्लच तळापर्यंत दाबा. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही आणि पायाखाली सरकलेली मॅट पेडल अडवते. ऑटोमॅटिक असेल तर गिअर एकदा एनमध्ये टाकून बघा. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी किल्ली ओळखत नाहीये, दुसरी किल्ली वापरा. बटणवाल्या गाडीत रिमोटचा सेल उतरला असेल, तर बहुतेक गाड्यांत रिमोट बटणाला टेकवून सुरू करता येतं. त्याची नेमकी जागा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. दोन प्रयत्नांमध्ये निदान एक मिनिट जाऊ द्या. सेल्फची मोटर थोड्या वेळेसाठीच बनवलेली असते. पहाटेच्या घाईत सलग अर्धा मिनिट सेल्फ मारून आधी फक्त बॅटरीची असलेली तक्रार लोक सेल्फपर्यंत नेतात. मग वाइंडिंग जळतं आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो.

आता हेडलाइटची परीक्षा. दिवे लावून कुणाला तरी समोर उभं करा आणि सेल्फ मारा. दिवे विझल्यासारखे झाले तर बॅटरी किंवा तिचे सांधे. जराही न हलता लख्ख राहिले तर सेल्फपर्यंत करंट पोचतच नाही.

टर्मिनल

बॅटरीच्या खांबांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असते, ती ओळखीची आहे. पण फसवतं ते बाहेरून स्वच्छ दिसणारं टर्मिनल. हाताने पिळून बघा. जराही फिरलं तर ते सैल आहे. दुसरी खूण: दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर किल्ली बंद करून दोन्ही टर्मिनलना हात लावा. एखादं कोमट लागलं, तर तिथे सांधा खराब आहे. जिथे करंट अडतो तिथे उष्णता होते.

बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. यामागे कारण आहे. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलं असेल, तर मोठी ठिणगी उडते. बॅटरीभोवती हायड्रोजन साठलेला असू शकतो, म्हणून ही ठिणगी साधी नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून पूड धुवा, कोरडं करा. खांब आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीसचा पातळ हात फिरवा. माझ्याकडच्या पहाटेच्या कितीतरी गाड्या एवढ्यावरच सुरू झाल्या आहेत.

मल्टिमीटर

पाचशे रुपयांच्या आत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. ज्याची रोजीरोटी गाडीवर आहे, त्याने तो घरात ठेवावाच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सेल्फ मारायच्या आधी बॅटरीच्या दोन खांबांवर तो लावा. नुकत्याच बंद केलेल्या गाडीत आकडा फुगलेला दिसतो, म्हणून सकाळचाच आकडा खरा.

१२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ ला पाऊणएक. १२.२ ला निम्मी. १२ च्या खाली आला तर आधी चार्जिंगला लावा, मगच बाकीचं बोला.

मग सेल्फ मारताना आकडा बघा. ९.६ च्या खाली कोसळत असेल आणि बॅटरी आधी भरलेली दाखवत असेल, तर ती आतून खलास झाली आहे. तीन-चार वर्षं झाली असतील तर शंका घेऊच नका. तरीही पैसे देण्याआधी बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून तपासणी) करून घ्या, पाच मिनिटांचं काम असतं.

गाडी सुरू झाल्यावर तोच मीटर लावून १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १३ च्या आसपास अडकला असेल, तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा पट्टा बघा. काही नव्या गाड्या मात्र इंधन वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी करतात. अशा वेळी हेडलाइट आणि पंखा लावून आकडा वर जातो का ते बघा, मगच अल्टरनेटरला दोष द्या.

अर्थिंग

इथे मी थोडा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जाताना पाहिलेत.

मागच्या हिवाळ्यात एक डिझेल पिकअप आली. मालकाने दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदललेल्या, दुसरी जेमतेम तीन महिन्यांची. दुपारी पहिल्या सेल्फला सुरू, पहाटे कटकट. सकाळी सहाला त्यांच्या खळ्यावर गेलो. बॅटरी १२.६. सेल्फ मारताना खांबांवर ११.२. म्हणजे बॅटरी पाय रोवून उभी होती, तिच्यावर पुरता भार पडतच नव्हता. करंट वाटेत कुठेतरी अडत होता. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारायला सांगितला. आकडा आला १.९ व्होल्ट. तो ०.३ च्या आत असायला हवा.

गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सपासून चासीला जाणारी तांब्याच्या विणीची पट्टी होती, बाहेरून बोल्ट घट्ट. बोल्ट काढला तर पट्टीच्या भोकाभोवती हिरवा थर जमलेला, खाली चासीवर रंग आणि रंगाखाली गंज. पट्टी बोटांत वाकवली तर वीण चुरचुरत तुटायला लागली, निम्म्याहून जास्त तारा आधीच गेलेल्या. नवी पट्टी लावली, चासीवरची जागा लोखंड चमकेपर्यंत घासली, आकडा ०.१ वर आला. गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली. मालक काही बोलले नाहीत, पिकअपच्या फळीवर हात ठेवून उभे राहिले. बॅटऱ्यांवर गेलेले दहा-अकरा हजार त्यांच्या डोळ्यांपुढे असणार.

मग दुपारी का चालायची? इंजिन गरम असताना सेल्फला कमी करंट लागतो, तेव्हा त्या सडक्या पट्टीतून भागायचं. पहाटे इंजिन जड, करंटची मागणी मोठी. जितका करंट जास्त, तितके त्याच खराब सांध्यावर व्होल्ट जास्त खाल्ले जातात. "फक्त पहाटे त्रास, दिवसा काही नाही" असं कुणी म्हणालं की मी बॅटरीइतकाच अर्थिंगवर संशय घेतो. हीच परीक्षा पॉझिटिव्ह बाजूलाही करा: बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते सेल्फवरचा जाड बोल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. तो बोल्ट नेहमी जिवंत असतो. मीटरची पिन किंवा पाना तिथून बॉडीला लागू देऊ नका. गाडीखाली शिरताना हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका.

रात्रीतून बॅटरी पिणारं काहीतरी

बॅटरी नवी, सांधे स्वच्छ, चार्जिंग बरोबर, तरी सकाळी १२ च्या खाली? मग उभ्या गाडीत काहीतरी करंट खातंय. सगळं बंद केल्यावर आणि अर्धा तास थांबल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत ओढ असावी. एखादा बाहेरून बसवलेला टेप किंवा अँप्लिफायर अर्धा अँपिअर ओढत असेल, तर चोवीस तासांत १२ अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची असते, म्हणजे दीड दिवसात निम्मी संपली. जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, डिकीतला न विझणारा दिवा हे नेहमीचे गुन्हेगार. फ्यूज एकेक काढून ओढ कधी थांबते ते बघायचं. मीटर अँपिअरवर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळतो.

जम्प देताना

जम्प म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घेऊन बंद गाडी सुरू करणं. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी पडतेच, ती बॅटरीच्या तोंडाशी पडू नये यासाठी हा क्रम. पाच मिनिटं चार्ज होऊ द्या, मग सेल्फ मारा. बारा व्होल्टच्या कारला ट्रकच्या चोवीस व्होल्टवरून जम्प कधीही देऊ नका. धक्का मारून सुरू करणं जुन्या साध्या गाड्यांना चालून जायचं. ऑटोमॅटिकला ते लागू नाही आणि नव्या पेट्रोल गाडीत न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवतं.

सेल्फ चांगला फिरतो, डिझेल इंजिन पकडत नाही

डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. हवा दाबून तापवायची आणि तिच्यात डिझेल फवारायचं, एवढ्यावर ते पेटतं. थंड इंजिनात ही हवा पुरेशी तापत नाही, म्हणून हिटर प्लग. किल्ली फिरवली की कॉइलचं पिवळं चिन्ह पेटतं. ते विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. घाईत निम्मे लोक थांबत नाहीत. दोनदा किल्ली ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यावर गाडी चटकन पकडली, तर हिटर अशक्त झाल्याची ती खूण. सुरू झाल्यावर इंजिन थरथरतंय, मागून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतोय आणि मिनिटभरात सगळं ठीक होतंय, तर एक-दोन हिटर गेलेले आहेत. प्लगची वायर काढून रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. पण सगळेच प्लग मेलेले दिसत असतील, तर आधी त्यांचा फ्यूज आणि रिले बघा. थेट बॅटरीला लावून प्लग लाल होतो का बघायची जुनी पद्धत नव्या गाड्यांत नको. काही प्लग कमी व्होल्टचे असतात, ते क्षणात जातात.

दुसरं, डिझेल फिल्टर. तळाच्या बुचातून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी आहे. फिल्टर बदला. तिसरं, रात्रीतून डिझेल मागे उतरणं, ज्याला आपण "एअर घेतली" म्हणतो. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. त्यानंतर लगेच सुरू झाली तर पाइपचा सांधा किंवा फिल्टरचं वायसर हवा घेतंय.

"डिझेल गोठलं" असं आमच्याकडे पुष्कळ लोक म्हणतात. आपल्याकडच्या पाच-सहा अंशांत ते सहसा खरं नसतं, कारण हिवाळ्यात पंपावर येणाऱ्या डिझेलला थंडीची वेगळी मर्यादा लावलेली असते. लडाखची गोष्ट निराळी. तिथे उणे तापमानात साध्या डिझेलमधलं मेण फिल्टर बंद करतं. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. थंडीत तिकडे गाडी घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींनी इथलं भरलेलं डिझेल वाटेतच संपवावं आणि वर गेल्यावर तिथलंच भरावं. उतरलेली बॅटरी तिथे आतून गोठते. फुगलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला जम्प किंवा चार्जर लावू नका, ती फुटते.

आणि एक कळकळीची विनंती. पेटता बोळा किंवा शेकोटी टाकीखाली, इंजिनखाली धरू नका. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डिझेलच्या ओलसर पाइपाला आग लागायला एक क्षण पुरतो. हिटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रेही मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन फोडतो.

पेट्रोल आणि सीएनजी

किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू यायला हवी, तो पेट्रोल पंप. आली नाही तर फ्यूज आणि रिले बघा. सीएनजीवाल्यांचं दुखणं वेगळं. बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि तापल्यावर गॅसवर जातात. टाकीत महिनोन्महिने दोन लिटर जुनं पेट्रोल ठेवलं, तर थंडीत ती अडते आणि कोरडा फिरून पंपही जळतो. टाकी निदान पाव भरलेली ठेवा, पेट्रोल फिरतं ठेवा. सारखा सेल्फ मारून पेट्रोलचा वास येत असेल, तर स्पार्क प्लग ओले झालेत. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या तेव्हा पेट्रोल बंद करून नुसती हवा घेतात.

एक छुपं कारण, पेट्रोल-डिझेल दोन्हींत: कूलंट टेम्परेचर सेन्सर. तो बिघडला की थंड इंजिन गरम असल्याचं कॉम्प्युटरला सांगतो आणि इंधन कमी पडतं. स्कॅनर लावून रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. हवा ८ आणि कूलंट ७० दाखवत असेल, तर सापडलं.

ऑइलही पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं घाला. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात स्वस्त पडतं म्हणून थंडीत त्याहून घट्ट होणारं २०डब्ल्यू-४० घातलं, तर पहाटे सेल्फला ते जाणवतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कॉमन रेल डिझेलचे (एका सामाईक नळीतून मोठ्या दाबाने इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या इंजिनचे) स्टीलचे पाइप स्वतः सोडू नका. चालत्या इंजिनात त्यांत हजार बारपेक्षा जास्त दाब असू शकतो, ती धार कातडी फोडून आत जाते. इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, कॉम्प्रेशनची तपासणी हे डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याचं आणि इंजिन मिस्त्रीचं काम. हिटर प्लगही हलक्या हाताने सुटत नसेल तर जोर लावू नका. तो हेडमध्ये तुटला, तर हेड उतरवावं लागतं. वायर जळल्याचा वास, गरम झालेली केबल, फुगलेली बॅटरी किंवा नवा फ्यूज टाकताच पुन्हा उडणं, यातलं काहीही दिसलं तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा आणि वायरमनला बोलवा. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलना तर अजिबात हात लावू नका.

फोन करताना चार गोष्टी सांगा: सेल्फचा आवाज कसा आहे, सकाळचा व्होल्ट किती, सेल्फ मारताना किती आणि धूर आला का, आला तर कोणत्या रंगाचा. एवढं कळलं तर मिस्त्री बरोबर कोणतं सामान घ्यायचं ते ठरवूनच निघतो, आणि तुमचा माल वेळेत लिलावाला पोचतो.